शेजारची मादी अजगर

इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या आमच्या पहिल्या घराशेजारी गोदीतून निवृत्त झालेला एक म्हातारा राहायचा. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. त्याने बॉल पायथन जातीची एक मादी अजगर पाळली होती. पूर्ण वाढलेली, पण अंगाने बारीक.

एकदा चुकून आमच्याकडे आलेलं त्याचं पार्सल द्यायला गेले, तेव्हा तो तिला भरवत होता. फ्रीझरमधला उंदीर गरम पाण्यात कोमट करून, चिमट्यात धरून, हात जराही न हलवता तो बसला होता. बऱ्याच वेळाने तिने झडप घातली, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

"पिल्लांच्या हौसेने मागच्या वर्षी नर आणला," तो म्हणाला. "हिने चार अंडी घातली आणि त्यांना वेटोळं घालून दोन महिने उपाशी बसली. नुसता सांगाडा उरला होता."

"आता पुन्हा आणणार नर?" मी विचारलं.

"नाही, लव्ह," तिथल्या म्हाताऱ्यांच्या मायेच्या सवयीने तो म्हणाला. "लोक म्हणतात, मोठे उंदीर घाल, वजन वाढव. पण तिचं मापच एवढं आहे. तिने एकदा केलं, पुष्कळ झालं."

माझी मुलगी तेव्हा वर्षाची होती. बाळंतपणात मी पार खंगले होते आणि पुण्याहून सासूबाई दर रविवारी फोनवर दुसऱ्या बाळाचं विचारत. त्यानंतरच्या रविवारी मी धीर करून म्हटलं, "आई, आम्हाला एकच पुरे."

पलीकडून त्या हळूच म्हणाल्या, "तू जेवतेस ना गं नीट?"