अक्काच्या आवाजावर मीच व्हिडिओ ठेवले

मंडळी, आज वसमतहून आल्यापासून मला त्या शिकवणाऱ्या व्हिडिओंची नुसती किळस येते आहे.

वारलेल्या अक्काचं रेकॉर्ड केलेलं बोलणं माझ्या मेमरी कार्डात होतं. त्यात ती मला ‘बेबे’ अशी हाक मारते. आता तशी हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. गेल्या आठवड्यात ते माझ्याच हातून पुसलं गेलं.

पुसलेली फाइल जाते कुठे, हे समजावं म्हणून ‘नवशिक्यांसाठी फाइल सिस्टिम’ असे व्हिडिओ शोधले. आधी स्वतःच्या चॅनेलचं कौतुक, मग अवघड शब्दांचा मारा. पुन्हा नीट पाहू म्हणून ते सगळे त्याच कार्डात उतरवून घेतले.

आज ते कार्ड घेऊन वसमतला गेले. तिथल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या सलीमभाईंनी विचारलं, “ताई, पुसल्यावर ह्यात काही भरलं का?”

“व्हिडिओ. फाइल सिस्टिम शिकायचे.”

“काहून भरले? पुसलं की यादीतलं नाव कटतं, माल जागेवरच राहतो. तुमी त्याच जागेवर दुसरा माल आणून टाकला.”

शाळा सोडलेल्या मुलीचं नाव आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर हजेरीपटातून कापायच्या, पण नवी मुलगी येईपर्यंत तिचा बाक तिचाच असायचा. इतकं सोपं होतं हे.

अक्काच्या बोलण्यातली चार मिनिटं परत मिळाली. हाक त्यात नाही.

घरी येऊन ते व्हिडिओ पुन्हा पाहिले. ‘आधी कार्ड काढून बाजूला ठेवा’ एवढं एकानेही सांगितलेलं नाही. मग हे शिकवतात तरी कुणाला?

तुमच्यापैकी कुणाला हे समजावून सांगता येत असेल, तर खाली साध्या मराठीत लिहा. कुणाची तरी हाक अजून जागेवर असेल.