काकांची बंदूक

गेली कित्येक वर्षं आमच्या हौशी नाटकमंडळीची प्रॉपर्टी मी करते. प्रॉपर्टी म्हणजे नट हातात घेतात ते सगळं. गदा, मुकुट, पुठ्ठ्याचा टेलिफोन. घरात माझं असं काही फारसं नव्हतं, पण शाळेचा तो तालमीचा हॉल माझा होता. हे मला गाडीवरून सोडायचे आणि न्यायला यायचे. गेटच्या आत कधी आले नाहीत. ह्यांचं यंत्रमाग दुरुस्तीचं काम, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. नाटक म्हटलं की ह्यांना जांभया यायच्या आणि मला ते सोयीचंच वाटायचं.

मागच्या वर्षी आमच्या तरुण दिग्दर्शकानं एक गमतीचं नाटक घेतलं. आपल्या आजोबांच्या काळात लोकांनी भविष्यकाळ जसा कल्पिला असता, तसा तो रंगमंचावर दाखवायचा होता. नायिका अंतराळातून येते आणि तिच्या हातात किरणं सोडणारी बंदूक असते.

"काकू, आजच्यासारखी नको," तो म्हणाला. "जुन्या रेडिओसारखी गोलाईची हवी. मागं माशासारखे पंख. आणि बरीच वर्षं वापरल्यासारखी."

मी पुठ्ठा आणि थर्माकोलची केली. सगळ्यांना आवडली. पण शेवटच्या प्रवेशात नायिका ती जमिनीवर आपटते, आणि पहिल्याच तालमीत तिचं टोक तुटून विंगेत गेलं. नेमके त्या दिवशी बाहेर ऊन फार म्हणून हे आत येऊन दाराशी उभे होते.

"काका, तुम्ही काही करू शकाल का?" दिग्दर्शकानं विचारलं.

मला वाटलं, हे नाही म्हणतील. हे म्हणाले, "बघू की. त्यात काय हाय."

चार-पाच दिवसांत ह्यांनी सांगाडा आणला. पोट म्हणजे चेपलेली स्टीलची पाण्याची बाटली, मूठ म्हणजे कुकरचा दांडा. नळी मागावरच्या लाकडी कांडीची, जिच्यावर सूत गुंडाळतात ती. टोकाला स्कूटरच्या दिव्याची लाल काच. पंख पत्र्याचे, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. ह्यांनी ती स्वतःच फरशीवर आपटून दाखवली. काही झालं नाही.

सगळे ह्यांच्याभोवती जमले. नायिकेचं काम करणारी मुलगी म्हणाली, "काका, लई भारी." कुणीतरी ह्यांना खुर्ची दिली, चहा दिला. हे सांगत होते, हसत होते. घरी जेवताना चार शब्द न बोलणारा माणूस कांडीबद्दल पाच मिनिटं बोलत होता, आणि ते लोक ऐकत होते. माझे लोक. मी कपाटाजवळ माझी तुटकी बंदूक गुंडाळत होते. मला जे वाटलं त्याला मत्सर म्हणतात, हे मला त्याच क्षणी कळलं. नवऱ्याचा मत्सर वाटावा याची लाजही वाटली, पण लाजेनं तो कमी झाला नाही.

"रंगव की आता," घरी आल्यावर हे म्हणाले.

"तुम्हीच रंगवा. तुम्हाला सगळं येतं."

ह्यांना टोमणा कळला नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर बंदूक वाळत होती, मागाला देतात त्या हिरव्या ऑइलपेंटमध्ये बुडवल्यासारखी. ती बघून मला आधी बरं वाटलं. मग मात्र बघवेना. मी पॉलिश पेपर घेऊन बसले आणि तो हिरवा रंग पार उतरवला. खाचांत पुट्टी भरली, प्रायमर दिला. पोटाला गडद लाल, पंखांना साईचा रंग, कडांना पितळी. मग भांड्यांच्या घासणीचा तुकडा चंदेरी रंगात टेकवून जिथं हात लागतो तिथं टिपलं, म्हणजे रंग झिजून आतला धातू दिसतोय असं वाटावं. शेवटी पातळ काळपट रंग सांध्यांत सोडून फडक्यानं पुसला.

हे मागं उभे होते. "चांगली झाली होती की. आता खराब का करतीस?"

"तिला जगवतेय," मी म्हटलं. ह्यांनी मान हलवली आणि खाली गेले.

रंगीत तालमीला दिव्यांखाली ती बंदूक अशी दिसली, की जणू कुण्या दुसऱ्या जगातून वापरून आणली आहे. सगळे म्हणाले, "काकांची बंदूक जबरदस्त." तेच नाव पडलं.

परतताना मी गाडीवर मागून म्हटलं, "रंग माझा आहे."

"मग सांगायचं की."

"मी कशाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी ह्यांनी हॉलच्या मधोमध उभं राहून सांगितलं, "रंग हिचा हाय बरं का." सगळ्यांनी माझ्याकडं बघून टाळ्या वाजवल्या. शाळेत बक्षीस न मिळालेल्या पोरीसाठी वाजवतात तशा. मला ते आधीपेक्षा जास्त लागलं.

प्रयोग छान झाला. बंदूक आपटली तेव्हा पुढच्या रांगेतली बाई दचकली. नंतर दिग्दर्शक म्हणाला, "पुढच्या नाटकात मोठं लंबकाचं घड्याळ लागणार." बोलताना तो ह्यांच्याकडं बघत होता.

हे तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "घड्याळ मी करणार. लोखंडाचं काही लागलं तर ह्यांना सांगेन."

हे माझ्याकडं बघून म्हणाले, "बरोबर हाय. मी हिच्या हाताखाली."

हे खरंच तसे राहिले. आता रोज आत येतात, सांगेन ते कापून देतात, आणि हॉलमध्ये माझ्याइतकेच ओळखीचे झालेत. ते मला अजून पूर्ण रुचत नाही. परवा ती मुलगी लंबक किती जड असेल ते विचारायला सरळ ह्यांच्याकडं निघाली होती. मी तबकडीवर आकडे काढत होते. मान वर न करता म्हटलं, "इकडं ये, मला विचार."