इंझोरीची ओल

अकोल्याला गाडी बदलून वाशीमला उतरले तेव्हा ऑक्टोबरचं ऊन माथ्यावर आलं होतं. चिपळूणच्या शाळेत तीस वर्षं मी 'भौगोलिक कारणे लिहा' म्हणत मुलांना पिडलं. सह्याद्री ओलांडला की पाऊस का घटतो, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण निवृत्त होईपर्यंत त्या कोरड्या अंगाला मी पाऊल टाकलं नव्हतं. आमच्या शाळेतले क्लार्क सुमेध मूळचे मानोरा तालुक्यातल्या इंझोरीचे. त्यांनीच आपल्या बहिणीकडे, शीलाताईंकडे माझी सोय केली.

मानोऱ्याच्या एसटीत खिडकीची जागा धरण्याची हौस अंगलट आली. दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेली काळी रानं, मधूनमधून हिरवी तूर आणि सगळीकडून धुरळा. इंझोरीत उतरले तेव्हा माझी पांढरी साडी मातकट झाली होती. शीलाताईंनी आधी बादलीभर पाणी दिलं, मग ज्वारीची भाकरी, बेसन (आपलं पिठलं) आणि मिरचीचा ठेचा. ठेच्यावर मी तीन पेले पाणी प्याले. त्या पदराआड हसत होत्या.

त्यांचे यजमान वाशीमला नोकरीला. तीन एकरांचं वावर (शेत) त्या एकट्या बघतात. सकाळी बुद्धवंदना आटोपून आम्ही तिकडे गेलो. विहीर नाही, कालवा नाही. चार महिने ही माती पाणी पिऊन फुगते आणि पाऊस सरला की आखडत उलते (भेगाळते), असं त्यांनी चालता चालता सांगितलं. मधले थोडे दिवस ती ना चिखल असते, ना ढेकूळ. त्याला वाफसा म्हणतात. त्यांनी मूठभर माती घेऊन लाडू वळला आणि छातीच्या उंचीवरून सोडला. तो चिकटून बसला नाही, त्याचं पीठही झालं नाही. चार तुकडे झाले.

"वाफसा आहे, मॅडम. आज पेरलं तं हरभरा या ओलीवरच निंगते. ओल खाली गेली का मंग वावर पुढच्या पावसाळ्यालोक (पावसाळ्यापर्यंत) पडीतच."

गावात भाड्याने पेरणी करून देणारे रशीदभाई ट्रॅक्टरला पेरणी यंत्र जोडून बांधावर थांबलेच होते. नेमके तेव्हाच मावळतीला काळे ढग दिसले आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी म्हटलं, थांबा, समुद्राकडचे ढग आहेत, पाऊस येणार. ताज्या पेरणीवर तो पडला तर माती वरून घट्ट होईल आणि कोंब बाहेर येणार नाहीत. काडीने धुळीत अरबी समुद्र काढला, वाऱ्याचे बाण काढले. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

रशीदभाई अदबीने म्हणाले, "मॅडम, तिकडचे ढग इथलोक येतेत, पण रिकामे. आमचा पाऊस जास्ती करून उगवतीकून येते. अन् आता तं वाराबी फिरून राह्यला."

शीलाताईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. शिकलेल्या माणसाच्या शब्दाला त्या घरात मोठा मान. "मॅडम भूगोलाच्या आहेत, रशीदभाई. त्यायले माहीत असन," म्हणून त्यांनी ट्रॅक्टर दोन दिवसांसाठी दुसऱ्याच्या वावरात पाठवला.

संध्याकाळपर्यंत ढग विरले. मग उत्तरेकडून कोरडा वारा सुटला. माझे ओठ फुटले आणि वावरात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. तिसऱ्या दिवशी शीलाताईंनी मूठ वळली, तर माती बोटांतून गळून गेली. रशीदभाईंनी यंत्राचे फण जातील तितके खोल घालून पेरलं. मी ट्रॅक्टरमागून उगाच चालत राहिले. लाज वाटत होती.

परतीच्या गाडीत सगळं आठवलं. समुद्रावरचा वारा घाटातच रिता होतो. वाशीमला बराचसा पाऊस मिळतो तो बंगालच्या उपसागरातून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे. पावसाळा सरताना वारा उलटतो, जमिनीवरून येतो, आणि देण्याऐवजी उरलीसुरली ओल घेऊन जातो. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. पण ढग दिसताच माझे कोकणी डोळे आपोआप मावळतीला वळले, आणि मी चिपळूणचा पाऊस इंझोरीला सांगून बसले. त्याची किंमत मात्र शीलाताईंच्या वावराने मोजली.

पंधरा दिवसांनी धीर करून फोन लावला. नाल्याकडचा एक एकर उगवला होता, तिथे ओल टिकली. वरचे दोन एकर उगवलेच नाहीत. मी माफी मागितली.

मग शीलाताई शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या साली या, मॅडम. पण पाहाले या. सांगाले नोका येऊ."