इंदूवहिनींची कबुतरं आणि माझी फुप्फुसं

“अम्मा, घर में कबूतरां हैं क्या?”

सिकंदराबादच्या एका दवाखान्यात छातीच्या डॉक्टरीणबाईंनी माझं स्कॅन उजेडासमोर धरलं आणि हा प्रश्न विचारला. तोवर बाकी सगळं सगळ्यांनी विचारून झालं होतं. दमा आहे का, सिगरेट ओढता का (मी! नारायणगुड्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई!), मनाला काही लावून घेता का. कबुतरांचं नाव मात्र कुणीच काढलं नव्हतं.

“घरात नाहीत,” मी म्हटलं. “वर गच्चीत आहेत. माझ्या जावेची.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि आजाराचं नाव सांगितलं, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. म्हणजे काय, तर कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची पूड श्वासातून आत जाते, आणि काही माणसांच्या फुप्फुसांना ती मानवत नाही. फुप्फुसं आतून सुजतात. वर्षानुवर्षं हे चाललं की सूज जाऊन तिथं व्रण उरतात. त्याला फायब्रोसिस म्हणतात. व्रण पडलेली जागा पुन्हा श्वास घेत नाही.

“दवा मैं देती, सूज उतरती,” त्या म्हणाल्या. “मगर कबूतरां रहे तो दवा का कुछ फायदा नहीं. या तो वो जाना, या आप घर छोडके जाना.”

त्या क्षणी मला देव आठवला नाही की मुलगा आठवला नाही. आठवल्या इंदूवहिनी. पहाटे गच्चीत उभ्या राहून ज्वारीच्या ओंजळी फेकताना, “या, या, अहो या,” असं कबुतरांना लाडानं बोलावताना. डोक्यात अशी सणक गेली म्हणता! कशाला खोटं बोलू? आजार कळल्याच्या दिवशी मला भीती कमी वाटली आणि राग जास्त आला.

*

आमचं घर नारायणगुड्याच्या गल्लीत आहे. खाली हे आणि मी, वर इंदूवहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या पत्नी. मोठे भाऊजी गेले, मुलगा अमेरिकेत, त्या एकट्या. मागचं अंगण आमच्या वाट्याचं. तिथं एक जामाचं झाड होतं. पुण्याकडे त्याला पेरू म्हणतात, आम्ही इकडं जामच म्हणतो.

रिटायर झाल्यापासून त्या अंगणाला मी जीव लावला होता. सकाळचा चहा घेऊन मागच्या पायरीवर बसायचं आणि कोण कोण येतं ते बघायचं. पहिला दयाळ, शेपटी वर करून गाणार. मग बुलबुल. मग सातभाईंची टोळी, भांडायलाच येणार, आमच्या नातेवाइकांसारखी. जास्वंदीवर शिंजीर, अंगठ्याएवढा पण ऐट जहागीरदाराची. मी कुणाला पिंजऱ्यात घातलं नाही की हातावर बसवलं नाही. मातीच्या परळात पाणी ठेवायचं आणि लांबून बघायचं, एवढंच.

खोकला आधी उन्हाळ्यात सुरू झाला. कोरडा, हट्टी. मग जिना चढताना धाप. मग अंगणातून स्वयंपाकघरात येईपर्यंत ओट्याला धरून उभं राहायची वेळ. नांदेडला बहिणीकडे गेले की चार दिवसांत बरी व्हायची, परत आले की खोकला हजर. तुमच्याही घरात कुणाचं असं होत असेल, परगावी बरं आणि घरी आजारी, तर ते डॉक्टरांना सांगा. मी ते कुणाला सांगितलंच नाही, कारण मला वाटायचं बहिणीच्या हातचं जेवण लागू पडतं.

खरा घोटाळा कूलरचा होता. हैदराबादेत उन्हाळ्यात कूलरशिवाय झोप येते कुणाला? आमचा कूलर मागच्या खिडकीत, आणि त्याच्या बरोबर वर छज्जा. कबुतरं ज्वारी खायची गच्चीत आणि बसायची छज्ज्यावर. ती सगळी पूड कूलर दिवसभर आत ओढायचा आणि गारेगार करून माझ्या तोंडावर सोडायचा. वाळ्याचा वास येतोय म्हणून मी आणखी जवळ पलंग सरकवला होता.

*

आता ही कबुतरं आली कुठून ते सांगते, कारण सगळं पाणी तिथंच मुरतंय.

भाऊजींच्या दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. शहरात कावळे राहिलेत कुठं! आम्ही सगळे उन्हात उभे. जो तो पुढं होऊन भाऊजींना शब्द देतोय. हे म्हणाले, “दादा, वहिनींना आम्ही सांभाळू.” मुलगा म्हणाला, “बाबा, मी दरवर्षी येईन.” कावळ्याचा पत्ता नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसणार, तेवढ्यात एक कबुतर आलं, ठुमकत ठुमकत पिंडापाशी गेलं आणि भात टिपायला लागलं. गुरुजींना पुढं दुसरं कार्य होतं. ते म्हणाले, “चालतंय, पक्षीच आहे.”

झालं! इंदूवहिनींनी तिथंच पदर डोळ्याला लावला. त्यांच्या मनानं घेतलं की भाऊजी कबुतराच्या रूपानं येतात. दुसऱ्या दिवसापासून गच्चीत ज्वारी सुरू. एकाची दहा झाली, दहाची किती झाली ते देव जाणे. तिथीला श्राद्ध आमचे हेच करायचे, आणि पान ठेवायचं ते गच्चीच्या कठड्यावर, कबुतरांना. नवरा गेलेल्या बाईला काय बोलायचं म्हणून आम्ही मूग गिळून गप्प बसलो.

निदान कळल्यावर ह्यांनी वर जाऊन हात जोडून सांगितलं, “वहिनी, डॉक्टर म्हणतात कबुतरं बंद करा. मंगलच्या जिवावर बेतलंय.”

इंदूवहिनी म्हणाल्या, “माझ्या कबुतरांनी काय केलंय? दिवसभर पाखरांत बसते ती. तिच्याच पाखरांनी दिलं असेल. आणि खरं सांगू का, रिटायर झालं की बायकांना आजार सुचतात.”

हे सगळं मी खाली ओट्याला धरून ऐकत होते. वर जाऊन झिंज्या उपटाव्यात असं वाटलं, पण तेवढे जिने चढायला श्वास कुठून आणू?

*

मग ब्रॉन्कोस्कोपीसाठी मला दवाखान्यात ठेवलं. नाकातून बारीक नळी फुप्फुसात घालतात, आत पाणी सोडून परत ओढून घेतात आणि ते तपासतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण गुंगी देतात, फारसं कळत नाही. नंतर घसा दुखतो, एवढंच. घाबरू नका.

त्याआधी पीएफटी, म्हणजे नळीत फुंकायची तपासणी. “और जोर से अम्मा, और, और, और!” असं तो टेक्निशियन ओरडायचा आणि मी फुंकायची. पहिल्यांदा जमेना. मग मी डोळे मिटून इंदूवहिनींचा चेहरा समोर आणला. चांगलं जमलं.

स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी सूज उतरते, पण भूक वाढते, तोंड फुगतं, साखर वर जाते आणि ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जावं असा राग येतो. माझ्या बाबतीत हे शेवटचं गोळ्यांमुळे किती आणि इंदूवहिनींमुळे किती, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

घरी आले. मागचं दार उघडलं. जामाचं झाड नव्हतं.

कमरेएवढं खोड उरलं होतं. फांद्या नाहीत, सावली नाही. बुलबुलांनी त्यात घरटं केलं होतं, ते भिंतीशी पालापाचोळ्यात पडलं होतं, रिकामं. हे दवाखान्यात माझ्याजवळ असताना इंदूवहिनींनी माणूस बोलावून झाड तोडून घेतलं होतं. वरून त्या म्हणाल्या, “तुझ्या तब्येतीसाठीच केलं गं. म्हटलं, पाखरंच यायला नकोत.” आणि त्यांच्या मागं गच्चीच्या कठड्यावर कबुतरं ओळीनं बसून घुमत होती.

मी रडले, जोरात. खोकत खोकत रडले. मग डोळे पुसले आणि ह्यांना म्हटलं, “हिचं उट्टं काढल्याशिवाय मी मरत नाही.” हे म्हणाले, “मरायचं काय बोलतेस, बाई!” आमच्या मुलानं कोंडापूरला त्याच्या दहाव्या मजल्यावर चला म्हणून तगादा लावला. तिथं काचा आणि एसी. दयाळ येणार आहे का तिथं? मी म्हटलं, जाणार नाही. जातील ती कबुतरं.

*

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, लांबून, बंद काचेतून पक्षी बघितले तर चालतं का? त्या म्हणाल्या, “देखो, मगर पास नक्को.” स्वयंपाकघराच्या खिडकीला काच बसवली, कूलर काढून टाकला, आणि मी कामाला लागले.

पक्षी बघता बघता मला एक कळलं होतं. कावळ्याला वेळ कळते, जागा कळते आणि माणूस कळतो. एकदा चांगलं मिळालं की तो विसरत नाही. गल्लीच्या टोकाला मंडीपाशी एक जोडी असायची. मी ह्यांना रोज सकाळी, एकाच वेळी, एकाच निळ्या शर्टात, जामाच्या खोडावर तूपभात आणि उडदाच्या वड्याचा तुकडा ठेवायला लावलं.

“मंगल, हे कशासाठी?” ह्यांनी विचारलं.

“पुण्य म्हणून,” मी म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तो निळा शर्ट घातला. नवरा असावा तर असा!

आधी खार आली, मग साळुंख्या आल्या. कावळे लांब तारेवरून मान वाकडी करून बघायचे आणि निघून जायचे. मी काचेमागून शिव्या घालायची. मग एके दिवशी एक उतरला, वडा उचलला आणि पळाला. त्यानंतर दोघं यायला लागले. मग त्यांनी सोयरेधायरे आणले. भादव्यापर्यंत असं झालं की निळा शर्ट दारात दिसला की तारेवर गलका. इंदूवहिनी तेव्हा पूजेत असायच्या. त्यांना पत्ता नव्हता.

पितृपक्षात भाऊजींची तिथी आली. श्राद्ध झालं. इंदूवहिनींनी गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं. हे खाली आले, आणि मी दुसरं पान त्यांच्या हातात दिलं. खीर, भात, आणि वर माझ्या हातचे वडे. “हे खोडावर ठेवा,” म्हटलं. निळा शर्ट त्यांनी घातलेलाच होता.

काय कावळे आले म्हणून सांगू! खोडावर, भिंतीवर, तुळशीवृंदावनावर. काव काव करून गल्ली डोक्यावर घेतली. वरची कबुतरं फडफडून उडाली. इंदूवहिनी कठड्यावरून वाकून बघत होत्या. त्यांचं पान वर तसंच होतं.

त्या जिना उतरून आल्या. पायात चप्पल नव्हती. अंगणाच्या कडेला उभ्या राहून त्यांनी खोडावरच्या सगळ्यांत मोठ्या कावळ्याला हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, इतके दिवस तुम्ही इथं होतात?”

मग काचेकडे वळून त्यांनी मला विचारलं, “मंगल, हे तुझ्या अंगणात का गं आले?”

मी खिडकी बोटभर उघडली. “मला काय माहीत, वहिनी? भाऊजींना माझ्या हातचे वडे आवडायचे.”

ते खरंच होतं. भाऊजी सणाला वर जेवून खाली वडे मागायला यायचे आणि वहिनींना ते कधीच सहन झालं नव्हतं. त्यांचा चेहरा असा पडला की बस्स. मी तो डोळे भरून बघितला.

*

दुसऱ्या दिवसापासून ज्वारी बंद झाली. कबुतरं काही दिवस घुटमळली, मग दाणा मिळेना म्हणून गेली. मला बहिणीकडे पाठवून ह्यांनी छज्जा धुऊन घेतला. हे लक्षात ठेवा, ती घाण कधीही कोरडी झाडायची नाही. आधी भरपूर पाणी मारायचं, तोंडाला मास्क लावायचा, आणि आजारी माणूस घरात नको. मग जाळी बसवली.

आता माझी पीएफटी बरीच सुधारली आहे. जे व्रण पडले ते पडले, ते भरत नाहीत. पण मी जिना चढते आणि वर पोचल्यावरही बोलू शकते. डॉक्टरीणबाईंचे आभार मानते, त्यांनी बाकीच्यांसारखं मनावर न ढकलता तो एक प्रश्न विचारला. कावळ्यांचेही मानते, आणि निळ्या शर्टाचे. खोडाला चार फुटवे आलेत. परवा बुलबुल त्यावर बसून गेला.

इंदूवहिनी रोज सकाळी खाली येतात. खोडापाशी वाटी ठेवतात आणि लांब उभ्या राहून कावळ्याशी बोलतात. मुलाचा फोन आला नाही, गुडघा दुखतो, असलं काहीबाही. हे म्हणतात, “सांग गं तिला खरं काय ते. झालं ना तुझं?”

झालं नाही. झाड पुन्हा माझ्या खिडकीला लागेपर्यंत होणार नाही. त्या ज्या दिवशी ज्वारी आणतील त्या दिवशी सांगेन, एका दमात. आता तेवढा दम आहे माझ्यात.

काल त्यांनी काचेवर टकटक केली. म्हणाल्या, “मंगल, जरा वडे करायला शिकव की मला.”

मी म्हटलं, “नाही.”