सुभद्राबाईचा झरा

चाकणजवळच्या निघोज्याला रंगरावांच्या रानात ओढ्यावर एक मातीचं धरण आहे. सरकारचं नव्हे, त्यांचं स्वतःचं. गाव त्याला नुसतं ‘बांध’ म्हणतं. त्यात माझीही दोन-चार घमेली माती आहे, हे मी आजवर ज्याला त्याला सांगत आले. रंगमंचावर मी राण्या केल्या, जोगतिणी केल्या, एकदा तर साक्षात गंगामाई केली. पण खरी माती डोक्यावर घेतली ती तिथंच.

जत्रेत आमचं नाटक होतं. प्रयोग झाला आणि आमच्या टेम्पोचा पाटा तुटला, म्हणून सगळी मंडळी रंगरावांच्या खळ्यावर अडकून पडली. रंगराव तेव्हा तरणेबांड होते, लग्न नुकतंच झालेलं. ओढा अडवायचा त्यांनी ध्यास घेतला होता. ते खणायचे, सुभद्रा वाहायची, बैल तुडवायचे. मी तोंडाचा रंग धुऊन सहज बघायला गेले, तर त्या पोरीनं लुगड्याच्या चिंधीची चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, “राणीसाहेब, मुकुट झाला. आता राज्य उचला.” आम्ही दोघी इतक्या हसलो की पहिलं घमेलं वाटेतच सांडलं.

त्या हसण्यावर आमचा जन्माचा घरोबा झाला. बांधाच्या पाण्यावर त्यांचा ऊस झाला, कांदा झाला. पुढं चाकण वाढलं, कंपन्या आल्या, निम्मं रान गेलं. उरलेल्या रानात, बांधाच्या अगदी खालच्या अंगाला, रंगरावांनी कामगारांसाठी खोल्यांची रांग बांधली. पाण्याची गरज संपली तरी तळं ठेवलं, कारण सुभद्राला ते भरलेलं बघायला आवडायचं. संध्याकाळी ती बांधावर जाऊन बसायची, आणि रंगराव खालून हाका मारून दमायचे.

ती गेली तेव्हा गावानं एक नवी रीत धरली होती. रक्षा नदीत सोडायची नाही. आपल्याच रानात खड्डा घेऊन त्यात ठेवायची आणि वर झाड लावायचं. रंगरावांनी खड्डा घेतला तो बांधाच्या माथ्यावर. “तिनं वाह्यलेली माती हाय. तिथंच राहील ती,” एवढंच म्हणाले. तिला जांभळं आवडायची म्हणून जांभूळ लावलं. जमलेल्यांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट सगळ्यांचे डोळे भरून आले.

झाड पाण्याच्या कडेला होतं, भराभर वाढलं. काही वर्षांनी त्याच्या बरोबर खाली, बांधाच्या पायथ्याशी, खोल्यांच्या मागची जमीन ओलसर राहू लागली. मग एका उन्हाळ्यात तिथून करंगळीएवढी धार वाहू लागली. शेवटच्या खोलीत परभणीकडची अंबूबाई राहते. तिचा मुलगा कंपनीत शिफ्टनं जातो. तिचं सगळं आयुष्य हंडे वाहण्यात गेलेलं. दाराशी पाणी आपणहून आलेलं बघून तिनं हात जोडले. भोवती चार दगड रचले, अळू लावला, हळदीकुंकू वाहिलं. झाड कुणाचं हे तिला ठाऊक होतंच. ‘आजीचा झरा’ हे नाव तिनंच पाडलं.

रंगरावांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते दुपारभर तिथं उकिडवे बसून राहिले. त्या दिवसापासून सकाळचा चहा घेण्याआधी त्या झऱ्याची एक ओंजळ प्यायची, हा त्यांचा नेम झाला. माणूस इतका बदलला की फोनवर आवाजसुद्धा ओळखू येईना. मला म्हणायचे, “बाई, ती बोलत न्हाई, पण येती.”

गेल्या वर्षी झाडाला पहिल्यांदा जांभळं धरली आणि त्यांनी मला बोलावलं. पिंपळे सौदागरहून मला कोण नेणार? किसनची दीक्षा आली. किसन म्हणजे आमच्या नाटकातला दिव्यांचा माणूस. दिवसा कारखान्यात आणि रात्री माझ्या तोंडावर उजेड पाडायला. त्याची ही लेक ताथवड्याच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवते, आणि तिचा विषयच मातीची धरणं. मी तिला नेलं ते फक्त जांभळं खायला.

वळवाच्या पावसानं तळं निम्मं भरलेलं होतं. अंबूबाईनं कौतुकानं झरा दाखवला. दीक्षानं वर झाडाकडे बघितलं, खाली अळवाकडे बघितलं, आणि अंबूबाईकडून काचेचा ग्लास मागून तो धारेखाली भरला. ओट्यावर ठेवला. आम्ही जांभळं खाऊन, जिभा जांभळ्या करून परत आलो, तेव्हा ग्लासाच्या तळाशी तांबूस मातीचा पातळ थर बसला होता.

दीक्षानं सगळं समजावून सांगितलं. मातीचा बांध थोडा पाझरतोच, नितळ पाणी आलं तर इतकं भिण्याचं कारण नसतं. पण पाण्याबरोबर माती येत असेल, तर बांध आतून पोखरला जातोय. झाडाच्या मुळांनी वाट करून दिली आहे. एखाद्या मोठ्या पावसात ती वाट रुंदावेल, आणि खाली खोल्या आहेत. नुसतं झाड तोडूनही भागणार नाही. मुळं कुजली की त्यांच्या जागी नळ्या राहतील. आधी तळं रिकामं करायचं, मग झाड मुळासकट काढायचं, मग बांध नव्यानं थराथरानं ठोकून भरायचा.

रंगराव ग्लासाकडेच बघत होते. दीक्षा हळू आवाजात म्हणाली, “बाबा, ही आजींनी टाकलेलीच माती आहे. रोज थोडी थोडी निघून चाललीय.”

ते तिच्यावर चिडले नाहीत. माझ्याकडे वळले. “बाई, तुमचं बरं असतं. नाटकात मरता आन् पडद्यामागं जाऊन चा पिता. आमचं माणूस एकदाच जातं. मी तिला दोनदा घालवू व्हय?”

त्यांनी दीक्षाची पिशवी जांभळांनी गच्च भरली आणि आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आले.

पण ग्लास त्यांनी ठेवून घेतला. सकाळी ओंजळ प्यायची सोडून ते ग्लास भरून ओट्यावर ठेवू लागले आणि तळाशी काय बसतं ते बघत राहू लागले. हे मला अंबूबाईनं सांगितलं. मग श्रावणात झड लागली आणि एका सकाळी त्यांचा फोन आला.

“बाई, आज ग्लासात निस्ता गाळ हाय. त्या पोरीला बोलवा.”

दीक्षा पोचायच्या आत त्यांनी स्वतः प्रत्येक खोलीचं दार वाजवून माणसं बाहेर काढली होती, पोराबाळांना मारुतीच्या देवळात नेऊन बसवलं होतं. पंप लागले. दीक्षा म्हणाली, हळूहळू उपसा. एकदम उपसलं तर ओली माती आतल्या बाजूनं घसरेल. अंबूबाई देवळाच्या पायरीवर बसून बघत होती. “वरून पाऊस पडायलाय अन् म्हातारा खालून पाणी फेकायलाय. आमच्या गावात सांगितलं तर लोक दगडं मारतील,” म्हणाली. सगळे हसले, रंगरावसुद्धा. तळ्याचा चिखल दिसू लागला तसे ते पाठ फिरवून घराकडे गेले.

दिवाळीनंतर झाड काढलं. मी हजर होते. जेसीबीच्या दातांनी मुळं उचलली तेव्हा खाली पोकळी निघाली. दीक्षानं हात घातला तर खांद्यापर्यंत आत गेला. रंगरावांनी वाकून तीत बघितलं, मग खाली खोल्यांच्या पत्र्यांकडे. तिथं कुणाची तरी धुणी वाळत होती.

त्यांचं एकच मागणं होतं, रक्षेच्या खड्ड्यातली माती परत बांधातच घालावी. दीक्षाला ते सांगवेना, पण तिनं सांगितलं: मुळांची, कुजकी माती बांधात चालत नाही.

“मग तिला कुठं ठिवू?” ते म्हणाले.

घरापुढच्या अंगणात खड्डा घेऊन झाड त्यात उभं केलं. जेसीबीवाला माती नेऊन टाकतो म्हणाला, ते त्यांना चाललं नाही. सुभद्राच्या लुगड्याची चुंबळ करून ते घमेली वाहू लागले. मीही पुढं झाले. त्यांनी माझ्या घमेल्यातली निम्मी माती खाली ओतली आणि उरलेली माझ्या डोक्यावर ठेवली. “चला, राणीसाहेब,” म्हणाले. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मान ताठ ठेवून चालले. तेवढं मला अजून येतं.

झाड काही जगलं नाही. होळीपर्यंत त्याची काटकी झाली होती. गावात होळीला लाकडं मागत पोरं फिरली, पण रंगरावांच्या अंगणात कुणी शिरलं नाही.

उन्हाळ्यात बांध थराथरानं ठोकून नव्यानं भरला. या पावसाळ्यात तळं पुन्हा काठोकाठ भरलंय. माणसं खोल्यांत परत आली आहेत. अंबूबाईचा अळू वाळून गेला, तरी दगड तिनं तसेच ठेवलेत. रंगराव पहाटे उठून बांधाच्या पायथ्याशी जातात, जमिनीला तळवा लावून बघतात, आणि मग मला फोन करतात.

“कोरडं हाय, बाई.”

“चांगलं झालं,” मी म्हणते.

“व्हय,” ते म्हणतात. पण फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही. पलीकडून पहिल्या शिफ्टच्या बसचा हॉर्न ऐकू येतो, दारं वाजतात, अंबूबाई मुलाला डबा विसरलास म्हणून ओरडते.

“ठिवतो,” मग ते म्हणतात.