बाबांचा खालचा पत्ता

हिंजवडीहून विश्रांतवाडीला यायला कंपनीच्या बसला तेव्हा दोन तास लागत. पाऊस असला तर अडीच. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करत असे. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधायच्या आणि नेमकं काय केलं की ती चूक पुन्हा घडते, ते पायरीपायरीने लिहून द्यायचं. नवऱ्याला त्याच्या कंपनीने अमेरिकेला पाठवलं होतं, त्याचा रविवारी फोन यायचा. आई गेल्यावर यवतमाळचं घर बंद करून मी वडिलांना पुण्याला आणलं होतं. ते एसटीत कंडक्टर होते. बत्तीस वर्षं रोज शेकडो माणसांशी बोललेला माणूस आता तिसऱ्या मजल्यावर दिवसभर एकटा असायचा.

संध्याकाळी ते बागेत जायचे. तिथे त्यांना भोसरीच्या कारखान्यातून व्हीआरएस घेतलेले एक गृहस्थ भेटले. हे गृहस्थ वाढदिवसांना जादूचे प्रयोग करायचे. त्यांनी बाबांना पत्त्यांची एक जादू शिकवली.

तेव्हापासून मी दार उघडलं की बाबा पत्त्यांचा कॅट घेऊन टेबलाशी बसलेले दिसायचे. माझी पर्स खांद्यावरच असायची.

"काढ वं एक पत्ता."

"बाबा, आधी हातपाय धुते ना."

"दोन मिनिटं. काढ."

मी एक पत्ता काढून बघायचे. बाबा कॅटचे दोन भाग करायचे. एका भागावर मी माझा पत्ता ठेवायचा, त्यावर ते दुसरा भाग ठेवायचे. मग मी हव्या तितक्या वेळा कॅट काटायचे, म्हणजे वरचा गठ्ठा उचलून खाली ठेवायचे. शेवटी बाबा एकेक पत्ता उलटत जायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, "हा तुहा." चौकट अठ्ठी. इस्पिक गुलाम. कधी चुकले नाहीत. कॉलर ताठ करून हसायचे. मीही हसायचे, आणि झोपेने डोळे मिटत असायचे.

पण कामाची सवय डोक्यातून जात नव्हती. बसमध्ये मी वहीत लिहून काढायला लागले. बाबा मला काय करू देतात आणि काय करू देत नाहीत? काटू देतात, पिसू देत नाहीत. पत्ता मीच काढते, पण कॅट आधी त्यांच्या हातात असतो. मी पत्ता परत ठेवला की त्यावरचा भाग नेहमी तेच ठेवतात. आठवडाभर हे चाललं. एकदा विद्यापीठाच्या चौकात बस अडकली होती तेव्हा ते उलगडलं. बाबा सुरुवातीलाच कॅटचा अगदी खालचा पत्ता चोरून बघत असणार. खालचा भाग वर ठेवला की तो माझ्या पत्त्यावर येऊन बसतो. कितीही काटा, दोघं शेजारीच राहतात. उलटताना तो दिसला की पुढचा माझा.

त्या रविवारी माझा पत्ता आत गेल्यावर मी बाबांच्या हातातून कॅट घेतला आणि चांगला पिसला. बाबा एकेक पत्ता उलटत गेले, शेवटपर्यंत गेले, आणि थांबले.

"खालचा पत्ता बघता ना तुम्ही?" मी म्हटलं.

"हुशार हायेस," बाबा म्हणाले. हसलेही. मग पत्ते गोळा करून त्यांनी खोक्यात भरले.

सोमवारी मी आले तेव्हा टेबलावर ताट झाकून ठेवलं होतं आणि बाबा टीव्हीसमोर होते. मंगळवारीही. "जेवून घे," एवढंच म्हणायचे. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला बरंच वाटलं. हातपाय धुऊन जेवायला मिळत होतं. गुरुवारी भाजी चिवडताना लक्षात आलं, की चार दिवसांत आम्ही दोघं वीस वाक्यंसुद्धा बोललो नव्हतो. वाईट वाटून घ्यायलाही अंगात जीव नव्हता. ताट विसळलं आणि झोपले.

शनिवारी मी बागेत गेले. ते जादूवाले गृहस्थ बाकावर पेपर वाचत होते. बाबांनी त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"काका, बाबांना एखादी नवीन जादू शिकवाल का?"

त्यांनी पेपर खाली केला नाही. "शिकवेन की. तुम्ही तीही फोडणार. मग आणखी एक शिकवू. मी असा किती दिवस पुरणार?"

मग त्यांनी पेपरची घडी केली. "बसा. तुम्हीच शिका. फोडायला त्यांनाही काहीतरी मिळू दे."

त्यांनी मला दाखवलं ते सोपं होतं. वरचा पत्ता उचलल्यासारखं करून दोन पत्ते एकदम उचलायचे, दाखवून परत ठेवायचे आणि मग खरा वरचा काढायचा; बघणाऱ्याला पत्ता बदलल्यासारखा वाटतो. त्यांच्या हातात ते सोपं होतं. मी बसमध्ये मांडीवर पर्स ठेवून सराव केला. पत्ते सुटायचे, शेजारची मुलगी उचलून द्यायची. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी मी बाबांच्या हातातला रिमोट काढून घेतला.

"बाबा, इकडे बघा."

ते टेबलाशी आले. दोन पत्ते उचलायची वेळ आली आणि त्यांच्यात सरळसरळ फट पडली. लहान पोराला दिसली असती. बत्तीस वर्षं गर्दीत कोण अंग चोरून तिकीट चुकवतंय ते बघणारा माणूस समोर बसला होता. आणि नेमकं त्याच क्षणी बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसायला घेतला.

मी पत्ता बदलून दाखवला. बाबांनी चष्मा चढवला, पत्ता हातात घेतला, उलटसुलट बघितला.

"काऊन असं झालं वं?" ते म्हणाले. "नाही समजलं मले. उद्या अजून एकदा दाखवजो."

त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन आमटी गरम केली आणि मी तिथेच खुर्चीत डोकं टेकून बसून राहिले.