नांगेच्या भिंतीवरचा कोळी

नांगेच्या घराच्या विटा मी पाडल्या. नऊशे. एकही तडकली नाही. म्हणून भिंतीवर कोळी दिसला तेव्हा तिने मलाच बोलावलं.

नांगे विधवा. घेवडा पिकवते, लाकूड विकते. तिने बांधलेली मोळी वाटेत सुटलेली मी पाहिली नाही. रागही ती तसाच बांधून ठेवते.

कोळी पाण्याच्या रांजणामागे होता. तळहाताएवढा, चपटा, पायांवर पट्टे. पोटाखाली अंड्यांची पांढरी पिशवी. आमच्या डोंगरावर असला कोळी मी पाहिला नव्हता.

"कौलाचा असेल का?" तिने विचारलं.

कौलाचा, म्हणजे देवाचा कौल देणारा कोळी जमिनीत राहतो. गावचा कौलवाला बोबे तोह (वडीलधाऱ्याला आम्ही बोबे म्हणतो) त्याच्या बिळावर फुटकं मडकं पालथं घालतो, आत खुणा केलेली पानं मांडतो आणि प्रश्न विचारतो. कोळी वर येऊन पानं हलवतो. ती वाचून तोह दोष कुणाचा ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी शेजारचं मूल दगावलं, तेव्हा पानांनी नांगेच्या आईचं नाव घेतलं. म्हाताऱ्या फुंकुइनला त्याच दुपारी गावाने डोंगर उतरायला लावला. तेव्हापासून ती ओढ्यापलीकडे बहिणीच्या खोपटात पडून आहे. तोहच्या दारावरून जाताना थुंकायचं नांगेने एकदाही चुकवलेलं नाही.

"आठ दिवस बघ," मी म्हटलं. "मग ठरवू."

तिने नीट पाहिलं. कोळी तिरका पळतो. जाळं विणत नाही. झुरळं खातो. मी दिलेल्या, ओली माती भरलेल्या मडक्यात तिने तो ठेवला. सकाळी तो झाकणाला चिकटलेला, मातीवर ओरखडाही नाही. मातीच्या खाणीत कौलाचे कोळी मी एकोणचाळीस वर्षं पाहिले. जाड, काळपट, केसाळ. ओली माती मिळाली की ते आधी बीळ करतात.

"म्हणजे हा कौलाचा नाही," नांगे म्हणाली. "पण तोहला ते कळतं का?"

ती हसली. ते हसू मला बरं वाटलं नाही.

आमच्याकडे रीत आहे. घरात कौलाचा कोळी सापडला तर मारायचा नाही, कौलवाल्याकडे न्यायचा. त्याने तो आपला म्हणून ओळखला तर जिभेला माती लावून तसं सांगायचं. तो शब्द परत घेता येत नाही.

बाजाराच्या दिवशी तोहच्या अंगणात ताडी प्यायला गाव जमलं होतं. नांगेने मडकं पुढे ठेवलं.

"बोबे, तुमचा कोळी माझ्या घरी आला होता."

तोहने डोकावलं. "तुझ्याच घरी का आला, सांगू? तुझ्या आईचा वास लागला त्याला."

माणसं हसली.

"तुमचाच ना पण? नीट बघा. डोळे म्हातारे झालेत तुमचे."

"मी ओळखणार नाही? माझ्या बायकोहून जुना आहे तो!" त्याने चिमूटभर माती जिभेला लावली. "माझाच."

"मग सोडा बिळापाशी."

कोळी बिळावरून तिरका पळाला, तोहच्या पायावरून भिंतीवर आणि सरळ वळचणीला.

"बोबे, तुमचा कोळी छप्पर शाकारायला गेला!" कुणीतरी ओरडलं.

"घाबरला तो. आत आणखी एक आहे," तोह म्हणाला.

"मग बघू या की," नांगे म्हणाली आणि माझ्याकडे वळली. कुदळ मी घरूनच आणली होती.

गावचा पंच बोबे यूह म्हणाला, "उकर."

घाईने उकरलं तर बीळ ढासळतं आणि काहीच सिद्ध होत नाही. मी बाजूने खणत गेलो, शेवटी हातांनी. कोपरभर खोल. कोळ्याच्या धाग्याचं अस्तर नाही. मुंग्या. आणि बिळाच्या या भिंतीतून त्या भिंतीत गेलेलं झुडपाचं मूळ, करंगळीएवढं जाड. तसली मुळं मी खाणीतून जन्मभर उपटली. मी ते कापून यूहच्या हातावर ठेवलं.

"एवढं जाड व्हायला तीन वर्षं लागतात," मी म्हटलं. "तेवढी वर्षं हे बीळ रिकामं आहे."

"आणि फुंकुइनला काढलं कधी?" यूहने विचारलं. त्याला माहीत होतं.

"दोन वर्षं झाली," नांगे म्हणाली. "मग पानं कुणी हलवली, बोबे?"

तोहने बोटं मुठीत घेतली. "पोरी, बकरा देतो. तेल देतो."

"बकरा तुम्हीच खा. ताकद लागेल. माझी आई तुमच्या शब्दावर खाली गेली, तुमच्या पाठीवर वर येईल."

यूहने मान हलवली. गावानेही. म्हातारीला उतरवताना हेच गाव मागे होतं, मीही होतो.

ओढ्यापासून वर गावात येणाऱ्या वाटेला एकोणीस वळणं आहेत. वीस विटा घेऊन मी सातव्या वळणावर टेकायचो. फुंकुइनचं वजन वीस विटांएवढंही राहिलं नव्हतं. तोह चौथ्यालाच बसला.

"उठा," मागून नांगे म्हणाली. "आईला उतरताना कुणी बसू दिलं नव्हतं."

"नांगे, ह्याची मान घामट झालीय गं," पाठीवरून फुंकुइन म्हणाली. "हात सटकतोय. जरा घट्ट धरू का?"

"धर."

प्रत्येक वळणावर तो टेकायला वाकला, प्रत्येक वळणावर नांगे तेच बोलली. एकोणिसावं चढून तो तिच्या दारात गुडघ्यांवर पडला. नांगेने आईला उचलून भिंतीशी, माझ्या विटांना टेकवून बसवलं, रांजणातलं पाणी पाजलं.

तोहने हात पुढे केला. "पाणी."

नांगेने रांजणावर झाकण ठेवलं.

"ओढा खाली आहे," ती म्हणाली.